धुराची चव

फेनॉलशी माझा परिचय चौतीस वर्षांचा. ग्वाल्हेरच्या एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवीत असे. प्रयोगशाळेच्या वरच्या फळीवर तपकिरी बाटलीत त्याचे स्फटिक असत. आणले तेव्हा शुभ्र, आणि हवा लागेल तसतसे गुलाबी होत जाणारे. बोटाला लागले तर पांढरा डाग पडून कातडी भाजे. त्याच्या द्रावणात फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकले की सुरेख जांभळा रंग येई आणि पहिल्या वर्षाच्या मुली ‘अय्या’ म्हणत. वासाला मात्र त्या ‘दवाखान्याचा वास’ म्हणत, आणि ते यथार्थच होते. १८६५ मध्ये ग्लासगोच्या रुग्णालयात जोसेफ लिस्टर यांनी जखमांवर जे कार्बॉलिक आम्ल वापरले ते हेच. आमच्या लहानपणी न्हाणीघरातल्या लाल लाइफबॉयच्या वडीला जो उग्र, स्वच्छ वास असे, तोही ह्याच कुळातला.

हा वास लोक चवीसाठी विकत घेतात, इतकेच नव्हे तर त्यासाठी पावसात रांगा लावतात, हे मला वयाच्या बहात्तराव्या वर्षी समजले. समजावून देणारा माझा भाचा, थोरल्या भावाचा मुलगा. बंगळुरूला नोकरी करतो. विषय व्हिस्कीचा आहे हे आधीच सांगून टाकते. ज्या वाचकांना तो रुचणार नाही त्यांच्याविषयी मला आदर आहे, कारण आमच्या घरालाही तो रुचत नाही, आणि त्याची कारणे पुढे येतीलच.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात एक बेट आहे. इंग्रजीत ते कसेही लिहोत, उच्चार ‘आयला’. भाच्याने ते नाव प्रथम घेतले तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून दचकून बाहेर आल्या. आमच्या आईच्या राजवटीत हा शब्द तोंडातून निघाला असता तर जिभेवर तिखट ठेवले गेले असते. असो. ह्या बेटावर झाडे फार थोडी, तेव्हा जळण म्हणून लोक पूर्वापार पीट वापरीत आले. पीट म्हणजे दलदलीत साचलेल्या शेवाळाचा, गवताचा आणि झुडपांचा अर्धवट कुजलेला थर. तो वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे मीटरभर खोल फावडे घालणाऱ्याच्या हाती सुमारे हजार वर्षांपूर्वीची वनस्पती लागते. त्याच्या लांबट विटा कापून उन्हावाऱ्यात रचून वाळवतात. भाच्याने त्या ढिगांचे छायाचित्र दाखवले, तेव्हा मला मुरारहून भिंडकडे जाताना दिसणारे गोवऱ्यांचे हुडवे आठवले.

पुढची क्रिया आपल्या घरांना मुळीच नवी नाही. बाळासाठी नाचणीचे सत्त्व करणारी प्रत्येक आजी तीच करते. धान्य भिजवायचे, मोड आणायचे. मोडाबरोबर दाण्यात जी विकरे तयार होतात ती पिठाची साखर करू शकतात. आणि नेमक्या वेळी दाणे वाळवून मोड तिथेच थांबवायचे. तिकडे नाचणीच्या जागी जव, आणि आयलावर वाळवण्याची भट्टी पेटते ती पीटवर. त्याचा धूर ओलसर दाण्यांत शिरून बसतो. फेनॉल, क्रेसॉल, ग्वायकॉल, माझी सारी जुनी ओळखीची मंडळी त्या धुरात असतात. मग ते जव दळा, कोमट पाण्यात साखर उतरवा, आंबवा, तांब्याच्या पात्रात दोनदा ऊर्ध्वपातन करा, ओकच्या पिंपात वर्षानुवर्षे मुरवा. धूर काही सोडून जात नाही. तो दहा लाख भागांत किती भाग फेनॉल असा मोजतात. लाफ्रॉइग ह्या आसवनीच्या जवांत हे प्रमाण ४० ते ४५, आर्डबेगच्या जवांत ५५ च्या आसपास. बाटलीत उतरेपर्यंत त्यातले बरेच गळते. उरते तेही माझ्या नाकाला पुरेसे होते.

ह्या बेटावर दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस एक उत्सव भरतो. गेलिक भाषेत त्याला ‘फेश ईला’ म्हणतात. अर्थ साधाच, आयलाचा उत्सव. २०२३ मध्ये भाचा कामानिमित्त एडिंबरोला होता, तो तिथून बसने आणि बोटीने गेला. उत्सवात एकेका आसवनीचा एकेक दिवस ठरलेला असतो, आणि उत्सवासाठी म्हणून खास मर्यादित आवृत्त्या काढून विक्रीला ठेवतात. ‘आवृत्ती’ शब्द ऐकून मला हसू आले. ज्या भाषेत हजार प्रतींची पहिली आवृत्ती संपायला दहा वर्षे लागतात, तिथल्या माणसाला पहाटे रांग लावून दुपारच्या आत संपणाऱ्या आवृत्तीची कल्पना करणे कठीणच. लाफ्रॉइगच्या उत्सवी बाटलीचे नाव ‘कार्जस’, म्हणजे मैत्री. २००८ पासून ती दर वर्षी निघते आणि दर वर्षी वेगळी असते. जी चव आवडली ती पुढल्या साली मिळेलच असे नाही. मैफलीतल्या गाण्यासारखेच हे. राग तोच, पण ती रात्र पुन्हा नाही. ग्वाल्हेरच्या माणसाला एवढे चटकन पटते.

मला मात्र त्या हकिगतीतली दुसरीच गोष्ट लागून राहिली. हा उत्सव विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात सुरू झाला तो व्हिस्कीसाठी नव्हे. बेटावरची गेलिक भाषा, तिची गाणी, तिचे नाच टिकून राहावेत म्हणून काही मंडळींनी तो मांडला. व्हिस्की मागून आली आणि पाटावर बसली. आज बोटी भरभरून येतात त्या पिंपांसाठी. गेलिक बोलणारे खुद्द बेटावरही अल्पसंख्य. ‘गाणी होतात गं आत्या अजून,’ भाचा म्हणाला, ‘पण मी काही तिकडे गेलो नाही.’ लष्करच्या गणेशोत्सवात ज्यांची हयात गेली त्यांना ह्यावर भाष्य नको. आरतीला आणि प्रसादाच्या पंगतीला मांडव भरतो. मराठी व्याख्यानाला सतरंजीची घडी अर्धीच उलगडावी लागते. भाच्याच्या मुलींना मराठी समजते, बोलतात त्या इंग्रजी, आणि आजीशी हिंदी.

आता घराविषयी. ग्वाल्हेरीत पाहुणा आला की त्याला जयविलास दाखवणे ओघानेच आले. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये बांधलेल्या ह्या राजवाड्यातल्या भोजनगृहात, लांबच लांब मेजावर रूळ टाकून त्यांवर चांदीची लहानशी आगगाडी ठेवलेली आहे. मद्याच्या काचेच्या सुरया आणि चिरूट घेऊन ती पाहुण्यांपुढून फिरे. डब्यांवर इंग्रजीत एकेका अक्षराने शिंदे घराण्याचे नाव. कोणी सुरई उचलली की गाडी थांबायची. परत जागेवर ठेवली की निघायची. मी ही गाडी आजवर पन्नास जणांना तरी दाखवली असेल, आणि प्रत्येक जण कौतुकाने हसला आहे. वहिनी आमच्याबरोबर त्या दालनात कधी येत नसत. दरबार हॉलमध्ये झुंबरे पाहत थांबत.

माझा दादा हिशेबनीस होता. अक्षर मोत्यासारखे, तबल्यावर हात चांगला. बावीस वर्षे तो प्याला आणि १९९८ मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी, यकृताच्या दुखण्याने गेला. न्हाणीघरात बंबामागे बाटली असे आणि तोंडात लवंग-वेलदोडा. वहिनींच्या मसालेभातात त्या दिवसापासून लवंग पडलेली नाही. तो काय पीत होता हे आम्हांला ठाऊक नव्हते, त्यालाही नसावे. चवीचा तिथे प्रश्नच नव्हता. बाटली उघडणे आणि ती संपणे ह्यांतले अंतर जितके कमी तितके बरे, असा तो व्यवहार. भाचा तेव्हा अकरावीत होता. बंबामागच्या बाटलीवर पेन्सिलीने खूण करून पातळी मोजण्याचे काम त्याने स्वतःहून अंगावर घेतले होते, हे मला फार उशिरा कळले.

दादा गेल्यापासून भाऊबीजेला ओवाळून घ्यायला तो येतो. अशी रीत नाही, पण आत्यापुढचा पाट रिकामा राहू नये म्हणून त्याने ती पाडली. २०२३ च्या भाऊबीजेला त्याने पिशवीतून दोन बाटल्या काढल्या आणि त्या हातातच धरून आधी आईसमोर उभा राहिला. ‘आई, आत्याला वास दाखवायचा आहे. तू नको म्हणालीस तर फोडत नाही.’ वहिनी करंज्यांचा डबा पुसत होत्या. डब्याचे झाकण लावून झाल्यावर म्हणाल्या, ‘ओवाळणं होऊ दे. आणि देवघराच्या खोलीत नाही.’

एक बाटली आयलाची, ‘कार्जस’. दुसरी हरियाणातली. कर्नाल जिल्ह्यात इंद्री नावाचे गाव आहे, तिथल्या आसवनीची त्याच नावाची सिंगल माल्ट २०२१ मध्ये बाजारात आली, आणि दिवाळीसाठी म्हणून काढलेली तिची धुरकट मर्यादित आवृत्ती २०२३ मध्ये ‘व्हिस्कीज ऑफ द वर्ल्ड’ ह्या स्पर्धेत सर्वश्रेष्ठ ठरली. कर्नाल म्हटल्यावर ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला व्हिस्की आठवणे शक्य नाही. १७६० च्या ऑक्टोबरात भाऊसाहेबांच्या सैन्याने घेतलेला कुंजपुरा त्याच जिल्ह्यात. पुढे तीन महिन्यांत पानिपत. तिथून जखमी महादजींना राणेखान भिश्त्याने वाचवून आणले नसते, तर लष्करात आज मराठी पाट्या वाचायला कोणी नसते.

इंद्रीच्या बाटलीला ‘स्कॉच’ म्हणता येत नाही. स्कॉटलंडमध्येच गाळलेली आणि तिथेच ओकच्या पिंपात निदान तीन वर्षे मुरलेली तेवढीच स्कॉच. पण आपल्या देशातही ही विद्या आता जुनी होत चालली आहे. तिची वाट पाडली बंगळुरूच्या ‘अमृत’ने. राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ मध्ये स्थापलेली ही संस्था. आडनाव वाचून मराठी कान टवकारतात हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांचे पुत्र नीलकंठ जगदाळे यांनी आपली सिंगल माल्ट प्रथम विक्रीला ठेवली ती भारतात नव्हे, तर २००४ मध्ये थेट ग्लासगोत. लिस्टर यांच्याच गावात! उलट्या गंगेचे ह्याहून धीट उदाहरण मला माहीत नाही. आपल्या उन्हाने पिंपातली व्हिस्की लवकर मुरते खरी, पण लवकर उडतेही: स्कॉटलंडमध्ये वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास, बंगळुरूला दहाच्या वर. तिकडचे लोक ह्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. आपले देवदूत अधिक तहानलेले, असे दिसते. आणि ‘अमृत’च्या ‘फ्यूजन’मध्ये जव बहुतांशी भारतीय असले तरी धुरावलेले जव येतात ते स्कॉटलंडहून. म्हणजे धान्य आपले, ऊन आपले, पाणी आपले. धूर तेवढा उसना. गोवऱ्यांवर भाजलेल्या गाकरांना आणि वांग्याच्या भरताला जो धुराचा वास असतो तो कोणी जवाला देऊन पाहिला आहे काय, असे मी विचारले. भाचा हसला. मी विनोद केला नव्हता.

दिवाळीचे नाव बाटलीला द्यावे हे मला आवडले नाही, आणि तसे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, ‘फटाक्याच्या वेष्टणावर लक्ष्मीचं चित्र असतं आणि दुसऱ्या दिवशी ते रस्त्यात पायाखाली येतं, त्याचं काय?’ ह्याला मला उत्तर सुचले नाही. मत मात्र बदललेले नाही.

माडीवरच्या खोलीत आम्ही दोघे बसलो. वहिनी दाराशी, उंबऱ्याच्या बाहेर. खालून निमुळत्या तोंडाकडे जाणारे दोन पेले त्याने बरोबर आणले होते. एकेकात चहाचे दोन चमचे भरतील एवढेच ओतले. प्रयोगशाळेत आम्ही मुलींना पहिल्याच तासाला शिकवतो की बाटलीला नाक लावायचे नाही, हाताने वारा आपल्याकडे घ्यायचा. मी तसेच केले. फेनॉल! दुसरे काही नाहीच. मग त्याने थेंबाथेंबाने पाणी घातले. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकाच्या साहाय्याने दाखवले आहे की मद्यार्कात पाणी मिसळले की ग्वायकॉलचे रेणू पृष्ठभागाकडे येतात, आणि म्हणून वास खुलतो. मला हे ठाऊक नव्हते; भाच्याला होते. खरोखरच दवाखाना थोडा मागे सरला आणि टिंक्चर आयोडीन, ओला दोर, जळलेला गूळ असे एकेक पुढे येऊ लागले. समुद्र मी आयुष्यात तीनदाच पाहिला आहे, पण त्या पेल्यात तो होता. जिभेवर घेतल्यावर आधी आग, मग राख, आणि आपण संपले म्हणेपर्यंत एक गोडी, ती बराच वेळ रेंगाळली. इंद्रीची चाल उलटी. आधी खजूर आणि मनुका, दिवाळीच्या डब्यासारखे. धूर मागाहून, हलका. रात्री निरांजन मालवल्यावर वातीचा जो धूर क्षणभर राहतो, तो. मला ती अधिक आवडली. कशी का मिळवली असेना, धुराची मात्रा घरातली होती.

भाच्याजवळ एक वही आहे. तारीख, बाटली, किती मिलिलिटर, किती थेंब पाणी, वास, चव, मागाहूनची चव. अक्षर थेट दादाचे. त्याने ती मोठ्या अभिमानाने माझ्या हातात दिली, कारण आयुष्यभर प्रयोगवह्या तपासलेली मी. नीट मांडणी मला दिसेल अशी त्याची अपेक्षा. मांडणी उत्तमच होती. पण ‘समुद्री शेवाळ’ आणि ‘भाजलेली सुपारी’ हे शब्द मी वाचले नाहीत. मी डावीकडचा तारखांचा रकाना वरपासून खाली वाचला. मार्चमध्ये एक. एप्रिलमध्ये दोन. मेमध्ये उत्सवाचे चार दिवस ओळीने. मग जूनभर काही नाही. ऑगस्टात दोन तारखा लागोपाठ, शनिवार आणि रविवार. मी बोट ठेवले. ‘मित्र आला होता,’ तो म्हणाला. त्याने कारण विचारले नाही, मीही सांगितले नाही. ऑक्टोबरपर्यंत वाचून मी वही मिटली.

चव घेणे आणि पिणे ह्यांत फरक आहे असे भाच्याचे ठाम म्हणणे आहे, आणि ते मला मान्य आहे. ज्याला एका चमच्यात समुद्र सापडतो त्याला पेला रिता करण्याची घाई नसते. दादाला त्याच्या बावीस वर्षांत अर्धा मिनिटही असे बसलेले मी पाहिले नाही. पण मद्यार्काचा रेणू तोच आहे. दोन कार्बन, एक ऑक्सिजन. यकृताला पिंप ओकचे की कशाचे हे कळत नाही, उत्सवही कळत नाही. हे मी भाच्याला शिक्षिकेच्या आवाजात सांगितले. ‘म्हणून तर वही, आत्या,’ तो म्हणाला.

वहिनी सबंध वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मोलकरीण यायच्या आधी त्या माडीवर गेल्या तेव्हा मी मागोमाग गेले. दोन्ही पेले रात्रीपासून तसेच होते, कोरडे पडलेले. वहिनींनी आयलाचा पेला उचलला, नाकाशी नेला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मद्यार्क रात्रीत उडून जातो; जड फेनॉले काचेला चिकटून राहतात, आणि म्हणून रिकाम्या पेल्यातला धूर भरलेल्या पेल्याहून स्पष्ट असतो. हे शास्त्र त्यांना सांगण्याची ती वेळ नव्हती.

‘ह्याला तो वास नाही,’ वहिनी म्हणाल्या.

‘नाही वहिनी.’

‘माझ्या माहेरी न्हाणीच्या चुलीला असा यायचा. पावसाळ्यात. लाकडं ओली असली की.’ मग त्यांनी दोन्ही पेले स्वतः खाली नेले, राखेने घासले, आणि भाच्याला उठवून सांगितले की बाटल्या तुझ्याबरोबर परत जातील. ह्या घरात रात्रभर राहिल्या तेवढ्या पुष्कळ झाल्या. त्याने त्या मुकाट्याने धोतराच्या जुन्या पानात गुंडाळून पेटीत भरल्या. वहीतल्या त्या दिवसाच्या ओळीत त्याने माझ्या निरांजनाच्या वातीची नोंद केली आहे, आणि खाली, दुसऱ्या शाईत, ‘आई: न्हाणीची चूल, ओली लाकडे’.

२०२४ च्या भाऊबीजेला तो बाटली घेऊन आला नाही. खोकल्याच्या औषधाच्या असतात तशा, तीस मिलिलिटरच्या दोन कुप्या आणल्या, वर चिकटपट्टीवर नावे लिहून. वहिनींनी त्या हातात घेऊन उजेडात धरल्या, पातळी पाहिली, आणि माडीवरच्या फळीवर ठेवल्या. पेन्सिल कुठे आहे, असे त्यांनी मला विचारले.